‘सेंड फॉर’चा अर्थ

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. दरवर्षी केव्हातरी ‘सेंड’ या क्रियापदाची पाळी येते. मी ते फळ्यावर लिहितो, त्याच्यापुढे एकेक लहान शब्द जोडत जातो, आणि ‘फॉर’पाशी आलो की खडू बदलायच्या निमित्ताने टेबलाकडे वळतो. मुलांना त्यात काही वेगळे दिसत नाही. गेल्या महिन्यात माझे वडील गेले. त्यानंतर शाळेत रुजू झालो तेव्हा नेमका तोच पाठ पुढे आला होता. तो मी पुढच्या आठवड्यावर टाकला आणि घरी येऊन हे लिहायला घेतले. रोज थोडे थोडे लिहितो. घाई करावी असे यात काही नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू आणि आईला अव्वा. अव्वा दुधनीची. तिचे माहेर आणि आमचे घर दोन्ही लिंगायत, दोन्हीकडे घरात कानडी आणि दाराबाहेर मराठी. अप्पा तीन-चार इयत्ता इंग्रजी शिकले होते. तेवढ्यावर त्यांना सोलापुरात एका गिरणीच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेण्याचे काम मिळाले होते. गिरणीमागच्या चाळीत आमची एक खोली होती. त्या चाळीत इंग्रजी येणारा माणूस म्हणजे अप्पा. कुणाच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची असली, कुणाला मनिऑर्डरीचा शिक्का दाखवायचा असला, की लोक अप्पांकडे येत. अप्पा आधी चष्मा पुसत, मग वाचत.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना अव्वाला विषमज्वर झाला. ताप उतरेना म्हणून तिला इस्पितळात ठेवले. तिथला मोठा डॉक्टर गोरा होता. त्याला मराठी जेमतेम येई आणि कानडी मुळीच नाही. अव्वा तापात सारखी आपल्या आईला हाक मारत होती. एके दिवशी सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टराने अप्पांना विचारले, ही काय म्हणते? अप्पा म्हणाले, “मदर.” डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला आणि मग अप्पांना म्हणाला, “सेंड फॉर हर मदर.” एवढे बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला.

मी तेव्हा तिथे नव्हतो. चाळीतल्या एका तेलुगू विणकर बाईच्या घरी मला ठेवले होते. तरीसुद्धा हे सारे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगू शकतो, इतक्या वेळा ते मी पुढे अप्पांच्या तोंडून ऐकले.

अप्पांनी त्या वाक्याचा अर्थ लावला. सेंड म्हणजे पाठवणे. फॉर म्हणजे साठी. हर मदर म्हणजे तिची आई. तिला आईसाठी पाठवा, म्हणजे आईकडे पाठवा, माहेरी पाठवा. आमच्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते, अशक्त झाली की माहेरी जाते, मनाने खचली तरी चार दिवस माहेरी जाऊन येते. तिकडचे पाणी तिला मानवते असे सगळेच म्हणतात. तेव्हा एवढा शिकलेला साहेबसुद्धा तेच सांगतो आहे याचे अप्पांना नवल वाटले नाही. उलट धीर आला. माहेरी पाठवा म्हणतो, म्हणजे पाठवण्याजोगी आहे, म्हणजे बरी होणार.

तिसऱ्या प्रहरी ते मला न्यायला आले. विणकर बाई दारात उभी राहून म्हणाली, “अंगात एवढा ताप हाय आणि गाडीत घालून नेता व्हय?”

अप्पा म्हणाले, “डॉक्टरसाहेबानं सांगितलंय. सेंड फॉर हर मदर.”

“काय म्हणतो त्यो?”

“आईकडं न्या म्हणतो.”

“मग न्या बापा,” ती म्हणाली आणि माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला.

टांगा इस्पितळाशी थांबला; साहेबाचा हुकूम म्हटल्यावर तिथे अप्पांना कुणी अडवले नाही. मी पुढे टांगेवाल्याशेजारीच बसलो होतो. मागे अव्वाला अप्पांनी आडवी धरली होती. आगगाडीत एका बाकावर तिला निजवले. लोकांनी जागा करून दिली. होटगी गेले, अक्कलकोट रोड गेले. अव्वाच्या अंगावरचे पांघरूण गाडीच्या हादऱ्यांनी घसरे आणि अप्पा ते पुन्हा वर ओढत. मी खिडकीतून तुरीची शेते बघत होतो. मला आजोळी जायचे म्हणून आनंद झाला होता. तोही लिहून ठेवतो.

दुधनीला आम्ही येणार हे कुणाला माहीत नव्हते. अज्जी, म्हणजे अव्वाची आई, उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसली होती. तिने लेकीला पाहिले आणि सूप तसेच टाकून उठली. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत अव्वा गेली. तिला तिथेच मामांच्या शेतात पुरले.

माती देऊन घरी आल्यावर अज्जी कपाळ बडवून कानडीत एकच वाक्य म्हणत होती, “नन्न करसबेकित्तु.” मला बोलावून घ्यायला हवे होते. मी आले असते, चालत आले असते, पण मला बोलावून घ्यायला हवे होते.

मामा अप्पांच्या पुढ्यात येऊन बसले. ते कापडाच्या दुकानात होते आणि बोलायला तिखट. “दाजी,” ते म्हणाले, “एवढ्या तापात माणसाला रेल्वेत घालत्यात व्हय? बैल आजारी पडला तर आमी त्याला गोठ्यातनं हलवत न्हाई.”

अप्पांनी मान वर केली. “डॉक्टरसाहेबानं स्वतः सांगितलं. सेंड फॉर हर मदर.”

मामांना इंग्रजी येत नव्हते. जमलेल्यांपैकी कुणालाच येत नव्हते. मामा एवढेच म्हणाले, “साहेबच तसं म्हणाला म्हणल्यावर काय बोलणार?” आणि उठून बाहेर गेले.

त्या दिवसापासून ते वाक्य हा अप्पांचा आधार झाला. कुणी भेटायला आले, हळहळले, की अप्पा सगळे सांगत आणि शेवटी ते वाक्य म्हणत. डॉक्टराच्या आवाजात म्हणत. ‘मदर’मधला र जवळजवळ न उच्चारता, जसा त्यांनी ऐकला होता तसा. अज्जी दरवर्षी संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापुरात येई आणि आमच्या खोलीत पाऊल टाकताच रडे, “नन्न करसबेकित्तु.” अप्पा तिला पाण्याचा तांब्या देत आणि तेच सांगत. ती डोळे पुसून म्हणे, “तुझा तो साहेब मेला का जिता हाय रे?” मग चहा होई. अप्पांनी दुसरे लग्न केले नाही. आम्ही दोघेच भाकरी थापायला शिकलो. त्यांच्या गोल होत, माझ्या नकाशासारख्या.

मी इंग्रजी शाळेत गेलो. रोज संध्याकाळी जेवायला बसताना अप्पा विचारत, “आज काय शिकवलं?” मी सांगे आणि ते घासाघासाला नवे शब्द म्हणून बघत. मला वाटते, त्यांना माझ्यापेक्षा जास्त हौस होती.

आमचे इंग्रजीचे मास्तर थट्टेखोर होते. एक दिवस त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिले आणि आमच्यातल्या एकाला उभे केले. “द किंग सेंट फॉर हिज मिनिस्टर. सांग, राजानं काय केलं?”

तो म्हणाला, “राजानं प्रधानासाठी पाठवलं.”

“काय पाठवलं? शेंगाची चटणी?”

वर्ग हसला. मीही हसलो. मास्तर म्हणाले, “सेंड फॉर म्हणजे पाठवणं नव्हे रे. बोलावून घेणं. राजानं प्रधानाला बोलावून घेतलं. आता तू म्हणशील, सेंडचा अर्थ कुठं गेला? तर निरोप्या पाठवला, त्या प्रधानाकरता. जातो निरोप्या, येतो प्रधान. आणि इंग्रजालाच कशाला हसता? तुमची आई म्हणते ना, हे काय करून बसलास? तेव्हा कुणी बसलेलं असतं का?”

वर्ग पुन्हा हसला. मास्तरांनी आणखी उदाहरणे सांगितली. सेंड फॉर द डॉक्टर. सेंड फॉर द पोलीस. मी वहीत उतरवत होतो. लिहिता लिहिता माझा हात थांबला. पुढचे उदाहरण त्यांनी सांगितले नाही, ते मला पाठ होते.

मला आधी वाटले, मास्तरांची काहीतरी चूक होत असेल. सुटी झाल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो आणि विचारले, “सर, सेंड फॉर म्हणजे एखाद्याकडे पाठवणं असं कधीच होत नाही का?”

“कधीच नाही,” ते म्हणाले. “त्याला सेंड टू. का रे?”

“काही नाही,” मी म्हणालो.

अज्जी इतकी वर्षे कानडीत जे म्हणत रडत होती आणि अप्पा तिला इंग्रजीत जे उत्तर देत होते, ते एकच वाक्य होते. तिला बोलावून घ्या, असे डॉक्टर म्हणाला होता. मला बोलावून घ्यायला हवे होते, असे ती म्हणत होती. दोघांच्या मध्ये अप्पा उभे होते आणि त्यांना यातले काही माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी अप्पांनी विचारले, “आज काय शिकवलं?”

मी म्हणालो, “कविता.”

“म्हण बघू.”

मी मागच्या महिन्यातली एक कविता म्हटली. त्यांनी ती आधी ऐकली होती. त्यांनी आमटी वाढून घेतली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, की अप्पांना हे कळता कामा नये. पण ते न कळू देणे माझ्या हातात कुठे होते? मी माझे पुस्तक त्यांच्या हाती लागू देत नसे, पण शहर इंग्रजीने भरलेले होते. कचेऱ्यांत, स्टेशनावर, गिरणीत कुणीही केव्हाही ते दोन शब्द त्यांच्यासमोर बोलू शकत होते. घरी पाहुणे आले आणि अप्पा अव्वाच्या आजारपणाकडे वळू लागले की मी हातातले काम थांबवून ऐकू लागे. ते त्या वाक्याकडे पायरी पायरीने येत आणि मी बसल्या जागी बघत राही.

एकदा अक्कलकोटचे एक लांबचे नातलग उतरायला आले. ते वकील होते. जेवणे झाली, पाने खाल्ली, आणि अप्पांनी सांगायला सुरुवात केली. मी पाणी आणू का विचारले. अंथरूण घालू का विचारले. अप्पा म्हणाले, “थांब रे,” आणि शेवटपर्यंत गेले. “साहेब म्हणाला, सेंड फॉर हर मदर. म्हणून मी त्याच दिवशी हलवली. क्षणाचा उशीर केला नाही.”

वकिलांचा पान चघळणारा जबडा थांबला. त्यांनी अप्पांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. अगदी थोडी, नको म्हणण्यापुरती. ते उठून बाहेर मोरीत थुंकून आले आणि बसत म्हणाले, “डॉक्टर सांगेल तसं करावंच लागतं. आपल्या हातात काय असतं?”

“तेच म्हणतो मी,” अप्पा म्हणाले.

सकाळी जाताना वकिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठ्या, कायदा शिकलेल्या माणसालाही यावर काही सुचत नाही हे पाहून मला सुटल्यासारखे वाटले नाही. जास्तच एकटे वाटले.

पुढे दोन-एक वर्षांनी अप्पांना बढती मिळाली. फाटकावरून त्यांना आत, मॅनेजरच्या कचेरीत घेतले. मॅनेजर गोरा साहेब होता. चाळीने पेढे मागितले, विणकर बाई म्हणाली, “आता बोलताना पण इंग्रजीत बोलणार काय आमच्याशी?” अप्पा लाजले. पहिल्या दिवशी घरी येऊन कोट खुंटीला लावता लावता ते म्हणाले, “साहेब दिवसभर माणसं बोलावत असतो बघ. आता जॉबर पाहिजे, आता मुकादम पाहिजे, आता स्टोअरवाला पाहिजे. मी आपला पट्टेवाल्याला पिटाळतोय.”

साहेब कोणत्या शब्दांत बोलावतो हे मी विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

त्यानंतर केव्हा, कोणत्या दिवशी, कोणता माणूस बोलावताना ते अप्पांच्या ध्यानात आले, हे मला कधीच कळले नाही. पहिल्याच दिवशीही आले असेल. मला दिसले ते इतकेच, की हळूहळू ते जेवताना ‘आज काय शिकवलं’ विचारेनासे झाले. मी मोठा झालो म्हणून असेल असे मी स्वतःला समजावले.

त्या वर्षी गड्ड्याला अज्जी आली. आता ती वाकली होती, काठी घेऊन चालत होती. खोलीत शिरली आणि नेहमीसारखी भिंतीला धरून खाली बसली. “नन्न करसबेकित्तु,” ती रडत म्हणाली.

अप्पांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. मी चुलीपाशी होतो. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. ते आले नाही. अप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि कानडीत म्हणाले, “हौदव्वा, करसबेकित्तु.” होय आई, बोलावून घ्यायला हवे होते.

अज्जीचे रडणे थांबले. इतक्या वर्षांत जावयाने तिचे म्हणणे पहिल्यांदाच मान्य केले होते. तिला त्यात दुसरे काही दिसले नाही, दिसणेही शक्य नव्हते. तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “जाऊ दे. तू तरी काय करणार होतास? किती वाळलास रे.” मग ती आपल्या गाठोड्यातून खारका काढू लागली.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही चुलीतले लाकूड आत सारत राहिलो.

ते वाक्य पुन्हा आमच्या घरात कुणी उच्चारले नाही. आम्ही दोघे एकाच खोलीत राहत होतो, एका भांड्यातले वाढून घेत होतो. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, माझे लग्न झाले, चाळ सोडून आम्ही दोन खोल्यांत आलो. अनेकदा वाटले बोलावे. पण काय बोलणार? तुम्हाला कळले हे मला कळले, असे? आणि समजा, त्यांना अजून कळलेच नसेल तर? त्या दिवशी म्हातारीचे मन राखायला ते नुसते हो म्हणाले असतील तर? ही शंका मी जपून ठेवली होती. ती खोटी आहे हे मला माहीत होते, तरी जपली होती.

या वर्षी अप्पांच्या छातीत पाणी झाले. डॉक्टर आपल्यातलेच होते, मराठीत बोलत. फार काही हाती नाही असे त्यांनी मला बाहेर नेऊन मराठीत सांगितले, आणि ते समजायला मला कोणतेही पुस्तक लागले नाही. एका दुपारी बायको शेजारी गेली होती. मी उशाशी बसून मुलांच्या वह्या तपासत होतो. अप्पांना झोप लागली आहे असे मला वाटले होते. ते डोळे मिटूनच कानडीत म्हणाले, “तुला केव्हा कळलं?”

कशाबद्दल, असे मी विचारले नाही. “इंग्रजी चौथीत,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “म्हणजे माझ्या आधी.”

“होय.”

“मला वाटायचं, तू लहान आहेस. तुला कशाला सांगा.”

“मला वाटायचं, तुम्हाला सोसणार नाही.”

त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखे झाले. मला आता हवी तशी संधी होती. इतक्या वर्षांत मी मनाशी जुळवून ठेवलेले सगळे मी बोललो. म्हणालो, अप्पा, डॉक्टर लोक आईला बोलावून घ्या असे केव्हा म्हणतात? आशा संपते तेव्हा म्हणतात. त्या शब्दांचा वापरच तसा आहे. ती इथे राहिली असती तरी वाचली नसती. अज्जीला निरोप जाऊन ती येईपर्यंत कदाचित भेटही झाली नसती. तुमच्या चुकीमुळे ती आईच्या मांडीवर गेली, आपल्या घरात गेली. मी मास्तरासारखा बोलत होतो, मुद्दे मांडत होतो, आणि माझ्याच कानांना ते बरोबर वाटत होते.

अप्पांनी सगळे ऐकून घेतले. मग डोळे उघडले आणि म्हणाले, “शब्दाचं सोड. शब्द मला नाही कळला, नाही कळला. त्याला मी काय करू? पण टांगा इस्पितळाच्या दाराशी आला, मी तिला उचलायला वाकलो, तेव्हा ती शुद्धीवर होती. माझा सदरा धरून म्हणाली, नन्न कळसब्याड्री.”

मला पाठवू नका.

“ते तर कानडीच होतं,” अप्पा म्हणाले. “ते मला नीट कळलं होतं.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्यांनी हात थोडा वर केला आणि खाली ठेवला. मी त्यांचा हात धरून बसलो. बाहेर बोहारीण ओरडत गेली. बायको परत आली, तिने पेज गरम करून आणली, आणि त्यांनी ती दोन-तीन चमचे घेतली.

पुढच्या आठवड्यात ते गेले. दुधनीला, अव्वाशेजारी, मामांनी जागा दिली.